गारव्याचा जमाखर्च

संसारी माणसाची जमाखर्चाची वही त्याच्या आरशासारखी असते, असें आम्हांस पुष्कळ वर्षांपासून वाटत आलें आहे. माणूस बोलतो काय, लिहितो काय, सभेंत कोणतीं तत्त्वें मांडतो, ह्यावरून त्याची परीक्षा करणें कठीण. परंतु महिनाअखेर त्याचा पैसा कोठें गेला हें पाहिलें म्हणजे त्याचें नीतिशास्त्र बहुधा उघडें पडतें. ह्या समजुतीची कसोटी यंदाच्या उन्हाळ्यांत आम्हांस स्वतःवरच लावून पाहावी लागली. निमित्त अगदीं क्षुल्लक होतें. घरांत एक वातानुकूलन यंत्र, म्हणजे ज्यास सर्व लोक ‘एसी’ म्हणतात तें, बसवावयाचें होतें, आणि त्याच्या खर्चाचा अंदाज काढावयाचा होता. तो काढतां काढतां आम्ही अशा एका कलमापाशीं येऊन थांबलों कीं, तें वहींत कोणाच्या नांवें लिहावें हेंच आम्हांस कळेना. त्या कलमाचा विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

आमचें बिऱ्हाड पळस्पे येथें आहे. पनवेलजवळच्या ह्या गांवीं पुण्याचा रस्ता व गोव्याचा रस्ता एकमेकांपासून फुटतात, आणि न्हावा-शेवा बंदराकडून येणारा रस्ताही येथेंच येऊन मिळतो. त्यामुळें गांव ज्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा प्रवाशासही ‘पळस्पे फाटा’ हें नांव ठाऊक असतें. फाट्यावरून कंटेनरांची रांग रात्रंदिवस चालू असते. पूर्वीं जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां सिमेंटच्या इमारती उभ्या आहेत, व त्यांपैकींच एकींत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतों. कोंकणांतील जुनें घर पाहा: वर उंच कौलारू छप्पर, खालीं सारवलेली जमीन, पुढें पडवी, मागें झाडांची सांवली. तें घर बांधतांनाच उन्हाळ्याचा विचार झालेला असे. आमच्या इमारतींत तो विचार कोणींच केला नाहीं. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रीं तें खोलींत ओकते. तेव्हां एसीचा खर्च दुकानांत सुरू होतो हें म्हणणें तितकेंसें बरोबर नाहीं. ज्या दिवशीं घराच्या नकाशांतून पडवी गेली, त्या दिवशींच तो खर्च आमच्या नांवें पडला होता. बिल मात्र आतां आलें.

ह्या प्रदेशाचा उकाडा विदर्भासारखा कोरडा नाहीं. नागपुराकडे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून किंवा कूलर लावून भागतें, कारण तेथील कोरडी हवा पाणी झपाट्यानें शोषून घेते आणि त्या बाष्पीभवनानें गारवा येतो. पनवेलकडची हवा आधींच पाण्यानें भरलेली. ती आणखी पाणी घेणार कोठून? अंगावरचा घामदेखील सुकत नाहीं, आणि घाम सुकला नाहीं तर शरीरास थंड होण्याचा मार्गच उरत नाहीं. कूलर येथें लावला तर खोलींत केवळ दमटपणाची भर पडते. म्हणून ह्या किनाऱ्यावर हवेंतील पाणी काढून घेणारें यंत्रच उपयोगी पडतें. विलिस कॅरियर ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९०२ सालीं हें यंत्र योजिलें, तेंही मुळीं माणसांच्या सुखासाठीं नव्हे. ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे व रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्या कागदाची अडचण दूर करण्यासाठीं तें निर्माण झालें. माणसास गारवा मिळाला तो पुढें. मुंबईचें रीगल हें चित्रपटगृह १९३३ सालीं उघडलें तें वातानुकूलित होतें. तेव्हां दोन-तीन तासांचा असा गारवा तिकीट काढून विकत घ्यावा लागे. आज तोच गारवा मध्यम स्थितींतील कुटुंब हप्त्यानें घरीं आणतें.

आतां आमच्या अंदाजाकडे वळूं. मातोश्रींचें वय ८१. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यांस रात्रीं झोप येईना, पाय सुजत, आणि डॉक्टरांनीं त्यांची खोली थंड ठेवा म्हणून स्पष्ट बजावलें होतें. खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब. तीस एक टनाचें यंत्र पुरतें. हा ‘टन’ म्हणजे यंत्राचें वजन, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता उचलण्याची शक्ति म्हणजे एक टन. यंत्राची किंमत ३६,००० रुपये ठरली. ह्या वस्तूवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ चा १८ झाला असल्यानें आम्ही स्वतःस भाग्यवान समजत होतों. पण दुकानदाराची पाटी आणि घरचा खर्च ह्यांत बरेंच अंतर असतें. बसविण्याची मजुरी १,५०० रुपये, भिंतीस भोंक पाडण्याचे, म्हणजे कोअर कटिंगचे, ८००, बाहेरच्या भागास स्टॅंड ७००, स्टॅबिलायझर २,४००, आणि जुनी वायर हा भार सोसणार नाहीं असें वायरमननें सांगितल्यावरून मीटरपासून नवी जाड वायर व स्वतंत्र एमसीबी ह्यांस ३,५००. एकूण ८,९०० रुपये वरकड.

चालू खर्चाचाही हिशेब करणें प्राप्त होतें. यंत्रावरील ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात, तीं १६०० तासांच्या वापराचीं असतात, हें पुष्कळ गिऱ्हाइकांच्या ध्यानांत येत नाहीं. रात्रीचे आठ तास धरले तर १६०० तास म्हणजे बरोबर २०० रात्री. आमच्या यंत्राचा आकडा ५५० च्या सुमारास होता. म्हणजे रात्रीं पावणेतीन युनिटें, महिन्यास ८० ते ८५. हा भार लहान दिसतो. परंतु महावितरणाचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, ३०० पर्यंतचीं महाग, ५०० पर्यंतचीं त्याहून महाग, आणि पुढचीं सर्वांत महाग. उन्हाळ्यांत आमचें घर अडीचशेंच्या आसपास असतें. त्यावर हीं नवीं युनिटें पडलीं कीं तीनशेंची पायरी ओलांडली, आणि वरचीं युनिटें चढ्या दरानें आलीं. म्हणून नव्या यंत्राची वीज जुन्या सरासरी दरानें मोजणें म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणें होय. हें सर्व आम्हीं रीतसर मांडलें, बेरीज केली, आणि आपण मोठे व्यवहारदक्ष आहों असें समाधान मानून मेकॅनिकला बोलाविलें.

त्यानें खोली पाहिली आणि एकच प्रश्न विचारला: “सर, आउटडोअर कुठें टांगायचा?” हा प्रश्न आमच्या वहींत नव्हता. यंत्राचे दोन भाग असतात. एक खोलींत गार हवा सोडतो. दुसरा बाहेर राहून गरम हवा फेकतो. बाहेरच्या भागास तीन जागा होत्या. मातोश्रींच्या खोलीची एक भिंत इमारतीच्या मधल्या डक्टकडे आहे. तेथें लावल्यास यंत्राबरोबर मिळणारा तीन मीटर पाइप पुरतो व खर्च वाढत नाहीं. इमारतींतील बहुतेकांनीं तसेंच केलें आहे. दुसरी जागा रस्त्याकडील बाहेरची भिंत. परंतु तेथें कारागिरास तिसऱ्या मजल्यावर दोरीला लोंबकळत काम करावें लागणार होतें, आणि कमरेचा पट्टा आहे का असें विचारतां तो नुसता हंसला. तिसरी जागा आमच्या दिवाणखान्यापुढची गॅलरी. तेथपर्यंत तांब्याचा पाइप चार मीटर वाढणार, मीटरला ९०० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये अधिक. शिवाय गॅलरींतील तुळस, संध्याकाळीं बसण्याची खुर्ची आणि कपड्यांची दोरी हीं सर्व हलणार. आम्हीं विचार न करतां डक्टकडे बोट दाखविलें. हा कबुलीजबाब आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतों, कारण ज्या माणसानें तीस वर्षें विद्यार्थ्यांस नीतिशास्त्र शिकविलें, त्याचें बोट ३,६०० रुपये वांचविण्याकडे किती सहज वळलें हें वाचकांस कळावें.

मातोश्री खाटेवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, त्या डक्टांत समोरच्या सूनबाईची स्वयंपाकाची खिडकी आहे. ती दुपारभर ओट्यापाशीं उभी असते. तिच्या तोंडावर गरम वारा सोडून मी गार झोपूं का?”

ह्या एका वाक्यानें आमचा सगळा अंदाज फिरला. घरांतला हा गारवा म्हणजे खरोखर काय, हें तोंवर आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेतां येते, इतकेंच. एक भाग वीज खर्च करून यंत्र खोलींतील तीन-चार भाग उष्णता उचलतें, आणि बाहेर टाकतांना त्या तीन-चार भागांत खर्चलेल्या विजेचा भागही मिळवून टाकतें. म्हणजे आंत जितकें थंड होतें त्याहून बाहेर अधिक तापतें. आमच्या वहींत दोन रकाने होते: काय मिळालें आणि काय दिलें. तिसरा रकाना हवा होता: जें मिळालें त्याची किंमत आमच्याखेरीज दुसऱ्या कोणीं दिली? पिगू ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या १९२० सालच्या ग्रंथांत हाच विचार केला आहे. कारखान्याच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरानें शेजारपाजारचे कपडे व भिंती काळवंडतात. त्या धुण्यारंगविण्याचा खर्च कारखानदाराच्या वहींत येत नाहीं, तरी तो कोणीतरी भरतोच. हा सिद्धान्त आम्हीं पदवीच्या परीक्षेसाठीं पाठ केला होता. मातोश्रींनीं पिगूचें नांव ऐकलेलें नाहीं. पण तो सिद्धान्त लागू कोठें करावयाचा, हें त्यांस आमच्यापेक्षां लवकर समजलें.

साहेबी अमदानींतील बंगल्यांत छतास मोठा कापडी पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी भिंतींतून व्हरांड्यांत गेलेली असे. तेथें उन्हाच्या झळीं सोशीत पंखेवाला तासन् तास दोरी ओढी, आणि आंत साहेब कागदपत्र पाही किंवा वामकुक्षी करी. त्या चित्राचा आम्हांस आज संताप येतो. परंतु आमच्या गारव्याचीही एक दोरी भिंतींतून बाहेर गेलेलीच आहे. फरक इतकाच कीं, ती तांब्याची आहे, आणि ओढणारा कोण हें आम्हांस दिसत नाहीं. न दिसणाऱ्या माणसाविषयीं मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि फार लवकर झोपीं जाते.

येथें कोणी म्हणेल कीं, मग एसी घेऊंच नये. आपले वाडवडील पंख्यावांचून जगले, आणि गीतेंतही अर्जुनास शीत व उष्ण सहन करण्याचा उपदेश केलेला आहे. हा आक्षेप वरवर उदात्त दिसतो, पण आम्हांस तो मान्य नाहीं. सहनशीलतेचा उपदेश ज्यानें त्यानें स्वतःस करावयाचा असतो. ८१ वर्षांच्या आईच्या उशाशीं बसून तिला तितिक्षा शिकविणारा मुलगा धर्मिष्ठ नव्हे, कंजूष होय. उतारवयांत शरीराची उष्णता सोसण्याची शक्ति खरोखरच कमी होते. तेथें गारवा ही चैन नसून औषध आहे. उलट, ज्यास परवडतें त्यानें वाटेल तितका गारवा घ्यावा, वीजबिल भरलें कीं जबाबदारी संपली, हें मतही आम्हांस पटत नाहीं. चैन कोणती आणि गरज कोणती ह्याचा निकाल वस्तूवरून लागत नाहीं. तीच वस्तु आजाऱ्याच्या खोलींत गरज असते आणि रिकाम्या दिवाणखान्यांत चैन. म्हणून वस्तु कोणासाठीं आहे आणि तिचा भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून तो निकाल देतां येणार नाहीं.

उष्णता हा कांहीं केवळ गैरसोयीचा विषय नाहीं, हें पनवेल तालुक्यांतील माणसास सांगावें लागत नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा मोठा समारंभ झाला. लाखों माणसें भर दुपारीं उघड्या मैदानांत बसलीं होतीं, आणि त्या उष्माघातानें १४ जणांचा अंत झाला. तें मैदान आमच्या घरापासून फार दूर नाहीं. छपराखालीं बसणारे आणि उन्हांत बसणारे ह्यांच्यांतील अंतर कधीं कधीं किती मोठें ठरतें, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. सांवली व गारवा ह्यांची वांटणी हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो सभेच्या मैदानाइतकाच इमारतीच्या डक्टांतही असतो.

तेव्हां आम्हीं बाहेरचा भाग गॅलरींत बसविला, त्याचें तोंड कठड्याबाहेर मोकळ्या जागेकडे केलें, आणि ३,६०० रुपये अंदाजांत चढविले. सर्व मिळून खर्च ४८,५०० रुपये झाला. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकींत गेली. खुर्ची आंत आली. रात्रीं गॅलरींत पाऊल टाकलें कीं गरम हवेचा झोत पायांवर येतो. हा झोत आम्हांस उपकारक वाटतो, हें सांगितल्यास कित्येकांस हंसूं येईल. परंतु आपण जी झळ निर्माण करतों ती प्रथम आपल्या अंगास लागावी, ही व्यवस्था नीतीच्या दृष्टीनें फार हितकर आहे. ज्याची झळ दुसऱ्यास लागते त्यास यंत्र कितीही अंशांवर ठेवतां येतें. आमचें यंत्र २६ वर असतें व वर पंखा फिरतो. २०२० च्या जानेवारीपासून हीं यंत्रें मुळांतच २४ वर लावलेलीं येऊं लागलीं आहेत, आणि एक अंश वाढविल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते असें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे. परंतु खरें सांगावयाचें तर, आम्हांस आंकड्यांनीं जें शिकविलें नाहीं तें गॅलरींतल्या त्या झोतानें शिकविलें.

तथापि तिसरा रकाना येवढ्यानें पुरा झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. महाराष्ट्रांतील बरीचशी वीज अजून कोळशावर होते. चंद्रपुरास २,९२० मेगावॉटचें औष्णिक केंद्र आहे. आणि चंद्रपूर हें तर मे महिन्यांत देशांतील अत्यंत तप्त शहरांपैकीं एक. आमच्या खोलींतील गारव्यासाठीं कोठेंतरी कोळसा जळतो, आणि त्याच्या राखेशेजारीं राहणाऱ्यांशीं आमची ओळखही नाहीं. तेथवर पाइप वाढवून नेतां येत नाहीं. ही बाकी आमच्याकडून फिटण्यासारखी नाहीं, हें आम्ही जाणतों. पण न फिटणारी बाकी वहींतून पुसून टाकणें आणि ती बाकी म्हणून पुढच्या पानावर ओढणें, ह्यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा माणूस निदान नवें कर्ज करतांना हात आंखडतो.

हें लिहीत असतां मातोश्रींच्या लहानपणची एक रीत आठवते. त्यांच्या माहेरीं अक्षय्यतृतीयेस पाण्यानें भरलेली घागर, छत्री, जोडे आणि पंखा ह्यांचें दान करीत. वैशाखाच्या तोंडीं दिलें जाणारें हें दान काय आहे हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें: तहान, ऊन, तापलेली वाट आणि उकाडा, ह्या चारींवर चार वस्तु. ज्यांनीं ही रीत घातली, त्यांनीं उन्हाळ्याच्या खर्चांत दुसऱ्याच्या गारव्याचें कलम आधींच धरून ठेवलें होतें. आमचा आजचा अंदाज नेमका त्याच्या उलट चालतो. गारवा आंत घेतो आणि उष्णता दान करतो.

यंदाच्या अक्षय्यतृतीयेस मातोश्रींनीं आम्हांस विचारलें कीं, फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलींत तो वॉचमन बसतो, तेथें पंखा आहे का? आम्ही त्या फाटकांतून रोज दोनदां जातों. पण आम्हांस सांगतां आलें नाहीं. जाऊन पाहिलें, नव्हता. भिंतीवरचा एक पंखा १,८०० रुपयांस मिळाला. तो बसवितांना, पूर्वीं कोणीं कसा बसविला नाहीं, असें वायरमन म्हणाला. त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एसीच्या खर्चाचें पान आम्हीं अजून बंद केलें नव्हतें. ही रक्कम दानधर्माच्या पानावर न लिहितां त्याच पानावर, स्टॅबिलायझरच्या व पाइपच्या खालीं लिहिली. ती तेथलीच आहे, असें आमचें मत आहे.